भीमेचा उच्छ्वास

खाली बसा. खुर्ची नको. सोलापुरात राहत असाल तर घरात कुठे ना कुठे शहाबादी फरशी असणारच. हॉलमध्ये चकचकीत टाइल्स आल्या असतील, पण मोरीत, अंगणात, जिन्याच्या पायरीला ती अजून टिकून असते. तिथे बसा. चादर अंथरायची असेल तर अंथरा. सोलापूरकराला चादर कुठे मिळेल ते सांगायला नको. फक्त एक तळहात उघड्या फरशीवर राहू द्या.

या मननात मंत्र नाही. डोळे मिटायचीही सक्ती नाही. काम एकच आहे: कार्बनच्या मागोमाग, तो जाईल तिकडे, घाई न करता जायचं. तो आपल्याला समुद्राकाठी नेणार आहे. नकाशावर आपल्याला कोकणचा समुद्र जवळचा, पण आपलं पाणी तिकडे जात नाही. ते पूर्वेला जातं, भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात. म्हणून आपणही पूर्वेला जाऊ.

आधी एक श्वास घ्या आणि सावकाश सोडा.

आत गेलेल्या हवेत दहा लाख भागांमध्ये कार्बन डायऑक्साइडचे साधारण 420 भाग होते. बाहेर आलेल्या हवेत ते चाळीस हजारांच्या आसपास असतात. पुन्हा सोडा. चाळीस हजार. हा आकडा मनात राहू द्या, समुद्राकाठी तो लागेल.

या चाळीस हजारांबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. श्वासावाटे गेलेला कार्बन काल-परवा खाल्लेल्या भाकरीतला आहे. ती भाकरी मंगळवेढ्याच्या मालदांडीची असेल, तर गेल्या रब्बीत त्या ज्वारीच्या पानानं तो हवेतूनच घेतला होता. घेतला, चार महिने ताटात-कणसात सांभाळला, कणगीत राहिला, तव्यावर भाजला गेला आणि तुमच्या छातीतून परत गेला. हा व्यवहार जुना आणि चोख आहे. हवेतला आकडा 280 वरून 420 च्या पुढे नेला तो भाकरीनं नव्हे, तर कोळसा, डिझेल आणि चुन्याच्या भट्ट्यांनी.

आता लक्ष तळहाताकडे आणा. फरशी गार लागते आहे. शहाबाद इथून फार लांब नाही, रेल्वेनं कलबुर्गीच्या थोडं पुढे लागतं. तिथल्या खाणीतला हा दगड म्हणजे थरांचा चुनखडक, आणि भूशास्त्रज्ञ या खडकांच्या गटाला नाव देतात ते भीमेचंच. एका उथळ समुद्राच्या तळाशी तो साचला, आणि तेव्हा पृथ्वीवर मासासुद्धा जन्मलेला नव्हता. त्या समुद्रानं हवेतून आणि नद्यांतून आलेला कार्बन चुन्यात बांधून तळाशी ठेवला. दोन बाय दोनच्या, इंचभर जाडीच्या एका फरशीत दोन किलोहून अधिक कार्बन सहज असेल. तुम्ही आठवडाभर श्वासावाटे बाहेर टाकता, जवळपास तेवढा.

म्हणजे किनाऱ्याचा समुद्र कार्बनचं काय करतो हे पाहायला आपण निघालो आहोत, आणि त्याच्या कामाचा एक जुना नमुना आपल्या हाताखाली आहे. याच पट्ट्यात, वाडीच्या बाजूला, सिमेंटच्या भट्ट्यांत हा चुनखडक भाजला जातो आणि त्यातला कार्बन काही मिनिटांत हवेत मोकळा होतो. साचायला लागलेला काळ आणि सुटायला लागणारा काळ, दोन्ही क्षणभर शेजारी-शेजारी ठेवून पाहा. काही निष्कर्ष काढू नका. पुढे चला.

काळ्या रानात या. जूनचा महिना आहे, ढेकळं तापलेली आहेत, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आहेत. सोलापूरला वर्षाकाठी सुमारे साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. पहिली सर आली. वास आला. तो वास घ्या, मग पाण्याबरोबर भेगेतून खाली उतरा.

मातीच्या आतली हवा बाहेरच्या हवेसारखी नसते. तिथे मुळं श्वास टाकतात, बुरशी आणि जिवाणू जुनी धसकटं कुजवतात, त्यामुळे मातीच्या पोकळ्यांमध्ये कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा कैक पटींनी अधिक साठलेला असतो. पावसाचं पाणी त्यातून झिरपतं आणि सौम्य आम्ल होतं. हे कार्बोनिक आम्ल तळच्या मुरुमाला, आणि त्याखालच्या काळ्या पाषाणाला भिडतं. हा पाषाण साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आम्ल त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि सिलिका सोडवून घेतं, आणि स्वतः बायकार्बोनेट होऊन बसतं. वायू होता, तो पाण्यात विरघळलेला क्षार झाला. आता तो उडून जात नाही, वाहून जातो.

हे फार हळू चालतं. एखाद्या उन्हाळ्यात काही दिसणार नाही. पण जगाच्या जमिनीवर बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, पाच टक्क्यांपेक्षाही कमी जागा व्यापतो, आणि सिलिकेट खडकांच्या झिजेतून हवेतला जेवढा कार्बन बांधला जातो त्याचा जवळपास तिसरा हिस्सा या एकट्या खडकाच्या नावावर आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातल्या नद्यांचं पाणी तपासून दख्खनचा बेसाल्ट किती वेगानं झिजतो याचा हिशेब 2005 मध्ये मांडला, त्यात भीमाही होती. आपण ज्याला नापीक माळ म्हणून नावं ठेवतो, तोसुद्धा बसल्या जागी हे काम करत असतो.

सोलापुरात एक गंमत होते. पाऊस कमी, ऊन फार. त्यामुळे बरंचसं बायकार्बोनेट नदीपर्यंत पोचतच नाही. पाणी सुकतं आणि ते जागच्या जागी चुन्याचे खडे होऊन मातीत बसतं. नांगरताना वर येणारे ते पांढरे खडे तुम्ही पाहिले आहेत. बोअरच्या पाण्याच्या हंड्याला आतून बसणारा पांढरा थरही पाहिला आहे. पाणी तापलं की बायकार्बोनेट मोडतं. अर्धा कार्बन चुना होऊन हंड्याला चिकटतो, अर्धा वायू होऊन वाफेबरोबर निघून जातो. हे 'अर्धा-अर्धा' लक्षात ठेवा. समुद्रात शंख-शिंपले नेमकं हेच करतात.

जे बायकार्बोनेट सुकलं नाही, ते ओढ्यात आलं. ओढ्यातून नदीत.

आता हत्तरसंग कुडलला या. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीनेच्या संगमावर. संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख आहे, मराठीतल्या अगदी जुन्या लेखांमधला. तो वाचायला पुन्हा कधीतरी या. आज घाटावर बसा आणि पाण्याकडे पाहा. भीमा भीमाशंकराहून आलेली, सीना अहिल्यानगर जिल्ह्यातून. दोन्ही पाण्यांत दोन प्रकारचा कार्बन आहे. एक विरघळलेलं बायकार्बोनेट, डोळ्यांना न दिसणारं, शांत स्वभावाचं, शेकडो मैल न बदलता जाणारं. दुसरा सेंद्रिय: पानं, पाचट, शेण, मैला, शेवाळ आणि मातीच्या कणांना चिकटलेला जुना कुजका अंश. शेतकरी याला सेंद्रिय कर्ब म्हणतात आणि माती परीक्षणाच्या पत्रिकेत त्याचा आकडा कमी आला की हळहळतात. हा दुसरा प्रवासी शांत नसतो. वाटेत जिवाणू त्याला खात राहतात आणि खाल्लं की श्वास टाकतात.

थोडा वेळ फक्त सीनेकडे पाहा. 2025 च्या सप्टेंबरात ती अशी फुगली की माढा, मोहोळकडची रानं खरवडून गेली. पंचनाम्यात 'जमीन खरवडून गेली' असं लिहितात. ज्याची ती जमीन, त्याच्या दृष्टीनं ते पिढ्यांचं नुकसान. कार्बनच्या बाजूनं पाहिलं तर वाफसा धरणाऱ्या वरच्या चार बोटं मातीत शेकडो वर्षांचा कर्ब होता, आणि तो दोन-चार दिवसांत वाटेला लागला. कुठे जाईल? थोडा पुढच्या बंधाऱ्यात बसेल. थोडा वाटेतच हवेत जाईल. थोडा समुद्र पाहील.

आता मान वळवा आणि भीमेच्या वरच्या अंगाला पाहा. तिथे उजनी आहे. सोलापूरच्या माणसाचं निम्मं आयुष्य 'उजनी प्लसमध्ये आली का' या प्रश्नात जातं, त्यामुळे या धरणाकडे शांतपणे बघणं आपल्याला अवघडच. तरी बघू. 1980 मध्ये पूर्ण झालेलं, 117 टीएमसीचं. त्यातले 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा; पाणी त्याच्या वर गेलं की उजनी 'प्लसमध्ये'. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून इथेच येतं. भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी येतात, लोक फोटो काढायला जातात. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा तवंग धरतो, त्याचे फोटो तेवढे निघत नाहीत.

त्या हिरव्या पाण्यात मनानं उतरा. वरच्या थरात शेवाळ हवेतला आणि पाण्यातला कार्बन भराभर ओढून घेतं. सांडपाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस त्याला खाऊ घालतो. दुपारी बघाल तर वाटेल, धरण हवा शुद्ध करतंय. रात्री तेच शेवाळ श्वास टाकतं, मरतं, खाली बसतं. तळच्या गाळात ऑक्सिजन संपतो आणि कार्बनपासून मिथेन होतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीस-तीस पट अधिक तापवणारा वायू. म्हणजे एकच धरण वरून घेतं, खालून देतं आणि काही गाळात पुरूनही ठेवतं. याला चांगलं म्हणावं की वाईट? घाई करू नका. 'धरणातलं पाणी स्वच्छ ऊर्जा' असं सरसकट म्हणणारे आणि 'धरण म्हणजे पापच' म्हणणारे, दोघंही या गाळात उतरलेले नसतात.

उसाबद्दल न बोलता सोलापुरात मनन होत नाही. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात. ऊस कार्बन ओढायला पटाईत, एकरी हिशेब काढला तर ज्वारी त्याच्या जवळपासही येणार नाही. पण तो वर्षभर उजनीचं पाणी पितो, त्याची साखर महिन्यांत खाल्ली जाऊन श्वासात जाते आणि पाचट पेटवलं तर तेही एका संध्याकाळी. पाचट कुजवणाऱ्याच्या शेतात कर्ब थोडा थोडा वाढतो. एवढंच सांगून पुढे जातो, कारण प्रवास लांब आहे.

इथून भीमा काही अंतर महाराष्ट्र-कर्नाटकाची हद्द धरून वाहते, मग पूर्ण कर्नाटकात शिरते, शहाबादी दगडाच्या मुलखाजवळून जाते, तिथला चुनाही थोडा विरघळवून घेते आणि रायचूरजवळ कृष्णेला मिळते. पुढे श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा. प्रत्येक भिंतीमागे पाणी थांबतं, गाळ बसतो, सिलिकाही अडकते. नद्या म्हणजे जमिनीवरचा कार्बन समुद्रात नेणारा नळ, असं बरीच वर्षं मानलं जाई. 2007 मध्ये जोनाथन कोल आणि सहकाऱ्यांनी जगभराचा हिशेब मांडला तेव्हा चित्र बदललं: जमिनीवरून नद्या-तळ्यांना दरवर्षी सुमारे 190 कोटी टन कार्बन मिळतो, त्यातला किमान 80 कोटी टन वाटेतच हवेत परततो, 20 कोटी टन गाळात राहतो आणि समुद्राला पोचतो तो 90 कोटी टन. निम्म्याहून कमी. वाट हीसुद्धा एक जागा आहे, तिथे काही ना काही घडत असतं.

विजयवाडा मागे पडलं. दोन्ही तीरांना भातखाचरं, मग नारळ, मग हळूहळू सगळं सपाट. नदी फुटते, दिवीसीमेच्या दोन्ही अंगांनी जाते. हंसलदेवीजवळ समोर उपसागर आहे. ऑगस्ट महिना धरा. पूर आलेला आहे. इथे थांबा. इथेच सगळ्यात जास्त वेळ थांबायचं आहे.

गढूळ पाणी समुद्राकडे ढकललं जातंय आणि समुद्र भरतीला त्याला मागे ढकलतोय. गोड पाणी हलकं, ते वरून सरकतं. खारं जड, ते खालून जिभेसारखं आत शिरतं. मातीचे बारीक कण इथवर एकमेकांपासून फटकून राहिले होते. मीठ लागताच ते एकमेकांना चिकटतात, पुंजके होतात, जड होऊन खाली बसू लागतात. काळ्या रानातली माती इथे पहिल्यांदा विसावा घेते. पण पाणी अजून इतकं गढूळ आहे की ऊन वीतभरही आत जात नाही. ऊन नाही म्हणजे हिरवी वनस्पती जवळपास नाही. म्हणजे कार्बन घेणारं कोणी नाही. आणि खाणारे मात्र असंख्य. पुरानं आणलेला पाला, मैला, मातीतला कर्ब यांवर जिवाणूंचा नुसता सुकाळ. ते खातात आणि श्वास टाकतात. पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठत जातो, हवेपेक्षा कितीतरी जास्त होतो आणि लाटांच्या, वाऱ्याच्या, भोवऱ्यांच्या वाटे बाहेर पडतो.

किती? याचं उत्तर शेजारच्या मुखावर सापडलं. आपल्या त्र्यंबकेश्वरची गोदावरी नाशिक, पैठण, नांदेड करत तिकडेच जाते. तिच्या गौतमी या फाट्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या विशाखापट्टणम केंद्रातले व्ही. व्ही. एस. एस. सर्मा आणि सहकारी दीड वर्ष पाणी मोजत राहिले. 2011 मध्ये त्यांनी निकाल प्रसिद्ध केला. कोरड्या महिन्यांत पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब 500 मायक्रोअॅटमॉस्फिअरपेक्षा कमी, म्हणजे हवेच्या जवळपास. सामू, म्हणजे पीएच, 7.8 च्या वर. ऐन पुरात सामू दीडनं घसरला आणि दाब गेला तीस हजारांच्या घरात.

तीस हजार. एकक वेगळं असलं तरी ढोबळ मानानं हे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतात. आता श्वास सोडा. चाळीस हजार. पुन्हा सोडा. पुरात गोदावरीचं मुख जवळपास तुमच्या छातीइतकाच जड श्वास टाकत होतं.

यावर थोडा वेळ बसा.

मग हेही लक्षात घ्या की हा उच्छ्वास नदीमुखाचा असला तरी त्यातलं अन्न वरून आलेलं आहे. ते मुखाशी पिकलं नाही. ते नाशिकला, मराठवाड्यात, विदर्भात, तेलंगणात पिकलं, सांडलं, वाहून आलं. 2012 मध्ये याच गटानं पावसाळ्यात देशातल्या 27 नदीमुखांची मोजणी मांडली. बहुतेक ठिकाणी पाणी हवेला कार्बन देत होतं. पश्चिमेकडे गोव्यात मांडवी-जुवारीवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्याच दोना पावलाच्या शास्त्रज्ञांनी त्याआधीच, 2001 मध्ये, नदीमुखातून हवेत जाणाऱ्या कार्बनचा हिशेब दिला होता.

आता मुखातून बाहेर पडा. किनारा मागे सुटतो. गाळ खाली बसला आहे, पाणी फिकट तपकिरी, मग हिरवट, मग निळसर. ऊन आत पोचू लागतं. आणि पोचताच कारभार उलटतो. बेसाल्टमधून सुटलेली सिलिका, शेतातला नायट्रोजन, सारं अजून पाण्यात आहे. डायटम नावाच्या एकपेशीय वनस्पती त्या सिलिकेची काचेसारखी पेटी बांधतात, आत बसून कार्बन ओढतात, मरतात, बुडतात. आपल्या काळ्या पाषाणाचा अंश त्यांच्या अंगावर असतो. जगभरचा हिशेब पाहिला तर नदीमुखं कार्बन देतात आणि त्यांच्यापुढचा उथळ समुद्र, म्हणजे भूखंडमंच, कार्बन घेतो. दोन्ही आकडे साधारण एकाच घरातले. एकाच किनाऱ्यावर, काही मैलांच्या अंतरावर, श्वास सोडणं आणि घेणं.

पण जगाची सरासरी आपल्या किनाऱ्याला लागू पडेलच असं नाही. उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्यात मोजमाप केलं तेव्हा दोन वेगळे पट्टे दिसले. उत्तरेला गंगेच्या पाण्याचा प्रभाव होता, तिथे समुद्र कार्बन घेत होता. दक्षिणेला कृष्णा-गोदावरीचं पाणी पसरलं होतं, तिथे समुद्र कार्बन देत होता. म्हणजे मुखाशी सुरू झालेला उच्छ्वास मुखाशी संपत नाही, पुढे समुद्रातही चालू राहतो. आणि तो द्वीपकल्पाच्या नद्यांचा आहे. त्यांत भीमेचं पाणी आहे.

शांत प्रवासी राहिला. ते बायकार्बोनेट. मुखाच्या धामधुमीत ते फारसं सापडलं नाही, सरळ समुद्रात गेलं. समुद्राच्या पाण्यात कार्बन बहुतेक याच रूपात असतो, आणि समुद्रात एकूण कार्बन हवेच्या चाळीस पटींहून अधिक आहे. तिथे ते हजारो वर्षं राहील. मग कधीतरी एखादा शिंपला, एखादं प्रवाळ त्याला उचलेल. हंड्याच्या तळाशी झालं तेच होईल, अर्धा कार्बन चुना होऊन कवचात जाईल, अर्धा मोकळा होईल. कवचं तळाशी साचतील. फार फार काळानं त्याची फरशी होईल. कोणी तिच्यावर बसेल की नाही, ते सांगता येत नाही.

मुखाच्या कडेनं खारफुटी आहे, कृष्णेच्या अभयारण्यातली. तिच्या मुळांखालच्या चिखलात ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून तिथे पडलेलं पान लवकर कुजत नाही आणि त्यातला कार्बन शतकानुशतकं अडकून राहतो. चिखल हवा मात्र. आणि चिखल म्हणजे वरून आलेला गाळ. तो आता धरणांमागे बसतो. किनारा काही ठिकाणी मागे सरकतो आहे.

इथवर आलो ते पुराच्या वर्षात. आता दुष्काळाचं वर्ष मनात आणा. सोलापूरकराला ते अवघड नाही.

2001 ते 2004 या दुष्काळी काळात कृष्णेचं समुद्राला पोचणारं पाणी जवळजवळ संपलं. एवढी मोठी नदी, चौदाशे किलोमीटरची, आणि टोकाला धारसुद्धा नाही. याचं मूळ पावसात आहे तसं कागदातही आहे. बच्छावत लवादानं कृष्णेचं भरवशाचं पाणी 2060 टीएमसी धरलं आणि वाटलं: महाराष्ट्र 560, कर्नाटक 700, आंध्र 800. बेरीज करा. 2060. समुद्राच्या नावावर त्यात एक थेंबही नाही. जे भरवशाच्या बाहेरचं, चांगल्या वर्षाचं, ते त्याचं.

त्या कोरड्या मुखावर थोडं थांबून पाहा. तिथे तो जड उच्छ्वास नाही. पाणी स्वच्छ आहे, सामू वर आहे, कार्बन डायऑक्साइड हवेच्या जवळपास. फक्त कार्बनचा आकडा पाहणारा म्हणेल, छान झालं. पण तिथे गाळ नाही, सिलिका नाही, डायटमचा सुगीचा काळ नाही, मासळीला नदीचं गोडं पाणी नाही, खारफुटीला नवा चिखल नाही, आणि समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून भातखाचरांकडे सरकतं आहे. श्वास थांबलेला असला की तो जड नसतो, एवढंच.

म्हणून मला असं वाटतं की आपल्याकडे समुद्राबद्दल दोन चुका एकाच दमात होतात. पाणी अडवताना आपण म्हणतो, समुद्राला जाऊन ते वाया जातं. आणि मैला सोडताना धरून चालतो की समुद्र सगळं पोटात घेईल. जे द्यायला हवं ते पाणी आणि गाळ, ते आपण अडवतो. जे अडवायला हवं ते सांडपाणी आणि शेताची वरची माती, ते आपण देतो. उजनीत हे दोन्ही एकाच जागी दिसतं. खडकाची झीज माणसाच्या हातात नाही, मोसमी पाऊस नाही, भरती-ओहोटी नाही. पण बांधावरचं गवत, कुजवलेलं पाचट आणि पुण्या-सोलापूरच्या मैलाशुद्धीकरणाचे चालू असलेले किंवा बंद पडलेले पंप हातात आहेत. मनन करणाऱ्यानं कृती सांगू नये म्हणतात. मला ते पटत नाही.

शेवटचा एक श्वास घ्या, सोडा आणि उठा. येत्या पावसाळ्यात उजनीचे दरवाजे उघडल्याची बातमी येईल, किती क्युसेक सोडलं ते छापून येईल आणि कोणीतरी म्हणेल की एवढं पाणी समुद्रात वाया गेलं. तेव्हा त्याला दोन प्रश्न विचारा: त्या पाण्यातून शेताची माती किती गेली, आणि त्यात प्रक्रिया न केलेलं सांडपाणी किती होतं. सांडपाण्याचे आकडे महापालिकेकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागता येतात. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.